ऐतिहासिक कादंबऱ्यांत राजे सोडून बाकीची माणसं कुठे जातात?

पुस्तककिडा
नमस्कार. मी नववीत आहे. आईला विचारूनच हा आयडी काढलाय, त्यामुळे 'शाळकरी मुलांनी इथे यावं का' हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर घाला.

ऐतिहासिक कादंबऱ्या आणि जुनी गाजलेली पुस्तकं यांचं सध्या वेड लागलंय. आतापर्यंतचा हिशोब:

'स्वामी' सगळ्यांत आवडती. माधवराव पेशवे झाले तेव्हा १६ वर्षांचे होते, म्हणजे माझ्याहून फार मोठे नाहीत. आणि समोर कोण, तर सख्खा काका. त्याच्याशी लढायचं पण त्याचा मानही ठेवायचा, ही ओढाताण मला एकदम खरी वाटली. ते २७व्या वर्षी जातात हे आधीच माहीत होतं, तरी शेवटची पानं मुद्दाम सावकाश वाचली.

'मृत्युंजय'चा पहिला अर्धा भाग अफाट. पुढे कर्णाचं दुःख जरा जास्तच वेळा ऐकावं लागतं. (मारू नका.)

'श्रीमान योगी' आवडली, पण महाराजांपुढे बाकीचे लोक येतात, मुजरा करतात आणि जातात.

'अ टेल ऑफ टू सिटीज' सुरुवातीला कंटाळवाणी वाटली. मग मादाम दफार्ज विणकाम घेऊन बसली आणि मी पुस्तक खाली ठेवलं नाही.

'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' संक्षिप्त वाचली. मूळ कादंबरी ११७ प्रकरणांची आहे हे नंतर कळलं, तेव्हा राग आला.

'लिटल विमेन'मधली जो. बस, जो.

आता प्रश्न. या बहुतेक सगळ्यांत मधोमध राजे, सेनापती नाहीतर अफाट श्रीमंत सूड घेणारे. पानिपतावर हजारो माणसं गेली. त्यातल्या एखाद्या पाणक्याची, घोडे सांभाळणाऱ्याची किंवा मागे राहिलेल्या त्याच्या मुलीची कादंबरी कुठे असते? मराठीतली, बाहेरची, कुठलीही सुचवा.

भरकटलेला
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

शेवंता
'जो. बस, जो.' ला जोरदार अनुमोदन. पहिला भाग १८६८ साली आला तेव्हा वाचक मुलींनी जो आणि लॉरीचं लग्न लावा म्हणून लेखिकेकडे लकडा लावला होता. बाई बधल्या नाहीत, दुसऱ्या भागात जोला भलताच नवरा देऊन मोकळ्या झाल्या. वाचकांचं न ऐकणाऱ्या लेखिका मला फार आवडतात.

बोरूबहाद्दर
पुस्तककिडा, वाचतेस याचा आनंद आहे. पण सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. 'मृत्युंजय' ही ऐतिहासिक कादंबरी नव्हे, पौराणिक आहे. महाभारतावरची कादंबरी आणि पेशवाईवरची कादंबरी एकाच फळीवर ठेवू नये. एकीकडे पत्रं, हिशोब, बखरी आहेत. दुसरीकडे काव्य आहे.

आणि कादंबऱ्यांमधून इतिहास शिकू नको. यशवंती घोरपडीच्या शेपटीला दोर बांधून मावळे कडा चढले, हे समकालीन कागदांत कुठेही नाही. सिंहगड हे नावसुद्धा ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या लढाईआधीच्या पत्रात सापडतं. 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीच्या नावाने पिढ्यान् पिढ्यांना उलटं शिकवलं.

टवाळ
घोरपडीच्या भावना दुखावल्याबद्दल निषेध.

माचीकर
@पुस्तककिडा, तुझ्या प्रश्नाचं मराठीतलं सरळ उत्तर म्हणजे गोनीदा. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्या आहेत: 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची', 'हे तो श्रींची इच्छा'. त्यांत महाराज बरेचदा कडेला असतात. पुढे असतात ती गावातली, गडावरची, किनाऱ्यावरची माणसं. स्वराज्य म्हणजे काय हे त्यांना दरबारातून नाही, दारातून कळतं. भाषा सुरुवातीला अडेल, कारण ती बोलीकडे झुकलेली आहे. मोठ्याने वाच, लगेच सुटते.

पुस्तककिडा
@बोरूबहाद्दर काका, मृत्युंजय पौराणिक हे मान्य. पण घोरपडीचं मला पाचवीतच खोटं वाटलं होतं. एवढ्या माणसांचं वजन!

@माचीकर, हे हवं होतं. यादीत घातलं. कुठल्यापासून सुरू करू?

माचीकर
'बया दार उघड'पासून. स्वराज्याच्या आधीचा अंधार तिथे आहे. तो वाचला की पुढच्या पुस्तकांतला उजेड कळतो.

अर्धविराम
साधी माणसं म्हणतेस तर स्टीव्हन्सन कसा विसरलीस? 'ट्रेझर आयलंड'मधला जिम हॉकिन्स खाणावळवाल्याचा मुलगा. पण तुला त्याहून 'किडनॅप्ड' आवडेल. १८८६ सालची. डेव्हिड बालफोर हा अनाथ पोरगा, वारसा मागायला काकाकडे जातो आणि काका त्याला जहाजावर विकायला काढतो. (तुझ्या नशिबात काकाच लिहिलेत.) मग तो स्कॉटलंडच्या डोंगरांत एका बंडखोराबरोबर पळत सुटतो. मध्ये एक खून होतो, तो खरोखर झालेला आहे. खरा खून १७५२ चा, कादंबरीत तो १७५१ मध्ये येतो. आणि गंमत म्हणजे स्टीव्हन्सनने अर्पणपत्रिकेत हे स्वतःच सांगून टाकलंय. वर्ष बदललंय आणि त्याबद्दल मला लाजही वाटत नाही, असाच एकूण सूर.

बोरूबहाद्दर
हेच म्हणतोय. त्याने सांगितलं. आपल्याकडे कोण सांगतं?

निवृत्त मास्तर
बोरूबहाद्दर, जरा सबुरीने. रणजित देसाईंनी 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्र छापलं आहे. शिवाजी महाराजांकडे इतिहासाच्या अंगाने कसं पाहायचं, कुठे पुरावा आहे, कुठे नाही, याची त्यात परखड चर्चा आहे. कादंबरीकाराने आपल्याच पुस्तकाच्या दारात चिकित्सक उभा करावा, याला मोठं मन लागतं. पुस्तककिडा, ते पत्र ओलांडून पुढे गेली असशील तर परत जा. नायकाशेजारी बाकीची माणसं खुजी का वाटतात, याचंही उत्तर शोधायला तिथून सुरुवात होते.

नायक कधी चुकतच नाही अशी तुझी तक्रार असेल तर ना. सं. इनामदार वाच. या माणसाने ठरवून इतिहासाने नावं ठेवलेली माणसं निवडली. 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव, 'शहेनशहा'मध्ये थेट औरंगजेब. ते साधे नव्हेत, कबूल. पण पुतळे नव्हेत.

कोरं पान
'शिकस्त' पण. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंच्या बाजूने पानिपत आणि त्यानंतरचं सगळं. नवरा परत येईल म्हणून वाट पाहत राहिलेली बाई. पानिपतवरची माझी सगळ्यात नावडती लढाई ती आहे, कारण ती संपतच नाही.

पुस्तककिडा
'शिकस्त' लगेच हवी. बाई आहे हेच पुष्कळ.

टवाळ
पूर्ण धागा वाचला नाही. पण 'स्वामी' वाच हो, छान आहे.

शेवंता
टवाळ, तुमच्यासारख्यांमुळे धागे शंभरी गाठतात.

दर्यावर्दी
मॉन्टे क्रिस्टो निघालाच आहे तर थोडं विषयांतर. शातो दीफच्या तुरुंगात दान्तेसला शिकवणारा आबे फरिया आठवतो ना? ड्यूमाने त्याला इटालियन केलाय, पण त्या नावाचा खरा पाद्री आपल्या गोव्याचा. जुझे कुस्तोदियो द फरिया, जन्म कांदोळीचा, १७५६ चा. पॅरिसला जाऊन त्याने संमोहनाचे प्रयोग केले. झोप येते ती प्रयोग करणाऱ्याच्या शक्तीमुळे नाही, समोरच्याच्या मनावर झालेल्या सूचनेमुळे, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते काळाच्या बरंच पुढचं होतं. पणजीत त्याचा पुतळा आहे.

पुस्तककिडा
काय??? संक्षिप्त आवृत्तीत फरिया चार पानांत मरतो. आता तर पूर्णच वाचणार.

दर्यावर्दी
अजून एक घे. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मध्ये तो कोण, कुठला, काही कळत नाही. १८७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये उलगडा होतो: तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा दक्कार, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७ च्या उठावात लढून सगळं गमावलेला. म्हणून तो इंग्रजांवर एवढा खार खाऊन असतो. लहानपणी मराठीत भा. रा. भागवतांचा व्हर्न वाचला होता, पण हे फार नंतर हाती लागलं.

बोरूबहाद्दर
टिपूचा वंश आणि बुंदेलखंडचं राजघराणं यांचं हे नातं कुठल्या दफ्तरात आहे?

टवाळ
निमोच्या पाणबुडीतल्या दफ्तरात. भिजलंय.

अर्धविराम
😂

संक्षिप्त आवृत्त्यांबद्दल बोलायचंच होतं. मी त्यांच्या विरोधात नाही. दहाव्या वर्षी कोणी ११७ प्रकरणं वाचत नाही. संक्षिप्त वाचलं म्हणूनच ड्यूमाचं नाव कळतं. पण एक लक्षात घे, ही पुस्तकं लांब का आहेत? मॉन्टे क्रिस्टो वर्तमानपत्रातून क्रमशः आली, १८४४ पासून पुढे. टेल ऑफ टू सिटीज १८५९ मध्ये डिकन्सच्या स्वतःच्या साप्ताहिकात आली. आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'चंही तेच, 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दार ठोठावतं. संक्षिप्त करणारा पहिल्यांदा काय कापतो, तर दोन दारांमधली माणसं. नोकर, खानावळवाले, गाडीवान. म्हणजे तू जी माणसं शोधतेयस नेमकी तीच.

पुस्तककिडा
हे डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे मी तक्रार करतेय ते अर्धं कापणाऱ्यांमुळे?

अर्धविराम
अर्धं नाही. पाव.

निवृत्त मास्तर
हरिभाऊंचं नाव निघालं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून गुंजीकरांची 'मोचनगड' धरतात, १८७१ ची. पण या प्रकाराला वाचक मिळवून दिला हरिभाऊंनी. 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', विजयनगरच्या अस्तावरची 'वज्राघात'. आता गंमत पाहा. याच हरिभाऊंनी १८९० च्या सुमारास 'पण लक्षात कोण घेतो' लिहिली. त्यात एकही लढाई नाही, एकही गड नाही. यमू नावाची मुलगी आपली हकीकत सांगते. लग्न, सासर, वैधव्य. हरिभाऊंच्या लेखी ती ऐतिहासिक नव्हतीच, आजूबाजूला चाललेलं लिहिलं होतं. आज सव्वाशे वर्षांनी वाचताना त्या काळातलं घर कसं चालत होतं, कोण कुणाशी बोलू शकत होतं, मुलीच्या हातात पुस्तक दिसलं तर काय व्हायचं, हे सगळं त्यात मिळतं. 'उषःकाल'मधून सतराव्या शतकाविषयी एवढं मिळत नाही. 'उषःकाल' आपल्याला १८९५ सालच्या मराठी माणसाला शिवकालाविषयी काय वाटत होतं ते सांगते. तेही कळायला हवं, पण ती वेगळी गोष्ट झाली.

म्हणून माझा सल्ला असा. एखाद्या काळातली साधी माणसं हवी असतील तर त्या काळाविषयी नंतर लिहिलेलं शोधू नकोस, त्या काळात लिहिलेलं शोध. तुझी 'लिटल विमेन' तशीच आहे. ती लिहिताना यादवी युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. बाप युद्धावर, घरात चार मुली आणि पैशांची ओढाताण. युद्धाची ती बाजू कुठल्या सेनापतीच्या चरित्रात येणार?

माचीकर
मास्तर, हे पटलं नाही. म्हणजे गोनीदा, देसाई, इनामदार सगळे बाद? ज्यांनी आपल्या काळात काही लिहूनच ठेवलं नाही, ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचं काय? सतराव्या शतकातल्या मावळ्याच्या बायकोने आत्मचरित्र लिहिलेलं नाही. तिची गोष्ट कोणीतरी नंतरच लिहिणार. कल्पनेनेच लिहिणार. ती कादंबरीकाराचीच जागा आहे, इतिहासकाराची नाही.

कोरं पान
माचीकर +१. यमू शिकलेली होती म्हणून तिची हकीकत झाली. तिच्या घरी भांडी घासणारीची झाली नाही.

निवृत्त मास्तर
हा मुद्दा वजनदार आहे. बाद कुणालाच करत नाही. पण कल्पनेतून उभी केलेली ती मावळ्याची बायको कशी बोलते तेवढं बारकाईने बघा. बरेचदा ती मोठ्या माणसाची थोरवी सांगण्यापुरती येते आणि ओवाळून आत जाते. ज्या लेखकाला तिच्या कामाची माहिती आहे त्याचीच ती जिवंत होते. गोनीदा पायी हिंडले, त्यांना माणसं ठाऊक होती.

रातराणी
माझी लेक याच वयाची आहे म्हणून लिहिते. तिला आणि मला दोघींना आवडलेलं पुस्तक: लोईस लाउरी यांचं 'नंबर द स्टार्स'. १९४३ चं कोपनहेगन, जर्मनांचा ताबा. दहा वर्षांची अ‍ॅनमरी आणि तिची ज्यू मैत्रीण. डेन्मार्कमधल्या लोकांनी तेव्हा सात हजारांच्या आसपास ज्यू माणसं बोटींतून स्वीडनला पोचवली, त्यातली एक छोटीशी गोष्ट. राजा आहे, पण तो फक्त घोड्यावरून रस्त्याने जाताना दिसतो. अगदी तुझ्या अटीत बसणारा राजा. पातळ पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. शेवटी लेखिकेने काय खरं आणि काय आपल्या मनाचं ते स्वतंत्र टिपणात सांगितलंय, बोरूबहाद्दर पण खूश होतील. रुमालाची ती युक्ती चक्क खरी आहे.

शेवंता
रातराणी, रहस्यभेद!

रातराणी
कुठला रुमाल ते कुठे सांगितलं? भरकटलेला यांनी टाकलेलाही असू शकतो.

अर्धविराम
याच रांगेत 'द बुक थीफ'. निवेदक साक्षात मृत्यू आहे आणि तो कामाने दमलेला आहे. जर्मनीतलीच, पण साध्या, गरीब जर्मन घरातली मुलगी. पंधराव्या वर्षी वाचायला हरकत नाही, मात्र रडायची तयारी ठेव. आणि विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि महायुद्ध तोंडावर. मास्तर म्हणतात तशी, त्या क्षणी लिहिलेली. छोटी आहे, पण दोनतीन वर्षांनी वाच.

पुस्तककिडा
'दोनतीन वर्षांनी वाच' असं कुणी सांगितलं की ते पुस्तक मी त्याच आठवड्यात वाचते. फक्त सांगून ठेवते.

टवाळ
मग कोणीतरी तिला सांगा, गणित दोनतीन वर्षांनी कर.

जिज्ञासा_मूर्ती
ले मिझराब्ल राहिलं की. फ्रेंच राज्यक्रांतीतली साधी माणसंच माणसं. जाँ वालजाँ, फांतीन, कोझेत, गाव्रोश.

बोरूबहाद्दर
राज्यक्रांतीतली नव्हे. राज्यक्रांती १७८९ ची. ह्यूगोच्या कादंबरीतला पॅरिसचा उठाव जून १८३२ चा आहे. तो दोन दिवसांत चिरडला गेला. बहुतेकांना ह्यूगोमुळेच तो माहीत आहे.

निवृत्त मास्तर
पाहा, बोरूबहाद्दर, तुम्हीच माझं काम केलंत. फसलेला उठाव कादंबरीमुळे लोकांच्या लक्षात राहिला. कादंबरीने इतिहासाचं नुकसानच होतं असं नाही.

बोरूबहाद्दर
लक्षात राहिला, पण चुकीच्या वर्षात.

शेवंता
कुणी 'आयव्हॅनहो' म्हणेना म्हणून मीच म्हणते. स्कॉटची, १८१९ ची. नायक सरदार आहे, सुंदर रोवेनाशी त्याचं लग्न ठरल्यासारखंच. पण सगळी कादंबरी खाऊन टाकते ती रिबेका. ज्यू, वैद्यक जाणणारी, चेटकीण ठरवून जिच्यावर खटला चालतो ती. नायकाला शुद्धीवर तीच आणते. आणि शेवटी नायक रोवेनाशीच लग्न करतो. वाचक इतके चिडले की थॅकरेसारख्या माणसाने पुढे 'रिबेका अँड रोवेना' नावाची चेष्टेची पुढची गोष्ट लिहून आयव्हॅनहोचं आणि रिबेकाचं लग्न लावलं. आजच्या मुली आवडत्या पात्रांच्या पुढच्या गोष्टी लिहितात ना, त्यातलाच प्रकार, १८५० सालचा.

पुस्तककिडा
थॅकरेने फॅनफिक्शन लिहिलं!!! हे मी शाळेत सगळ्यांना सांगणार आहे. कुणाला काही वाटणार नाही, पण सांगणार.

कोरं पान
पाणक्याच्या प्रश्नाकडे परत येते. पानिपतची बातमी सावकाराच्या सांकेतिक पत्रातून आली असं सांगतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. पुस्तककिडा विचारतेय त्या खुर्द्याबद्दल. त्या पत्रातच मोजणी सोडून दिली होती, मग कादंबरीकार कुठून मोजणार? विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये छावणीतली उपासमार, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका हे सगळं येतं आणि चांगलं येतं, पण समूह म्हणून. एक चेहरा घेऊन त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जाणारी कादंबरी मला तरी आठवत नाही.

बोरूबहाद्दर
कोरं पान, चांगलं लिहिलंत.

पुस्तककिडा, मला कादंबऱ्यांचा शत्रू समजू नकोस. तुझ्यासाठी एक पुस्तक आहे. ते कादंबरी नाही, पण कादंबरीहून वेगवान आहे. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. वरसईचा गरीब भिक्षुक, घरावर कर्ज, दक्षिणा मिळेल म्हणून चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाला आणि थेट १८५७ च्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. तो योद्धा नाही. तोफा सुरू झाल्या की घाबरतो, लपतो, मिळवलेला पैसा लुटारूंच्या हाती जातो. भारताचार्य वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. तुला खुर्दा हवा ना? हा खुर्द्यातलाच एक नाणं, स्वतः बोलणारा.

टवाळ
बोरूबहाद्दरांनी चक्क एक पुस्तक सुचवलं. धागा सुफळ संपूर्ण.

अर्धविराम
आणि या पुस्तकातही चुलता आहेच. तुझी साडेसाती सुटत नाही.

पुस्तककिडा
आले परत. परीक्षा संपली.

'माझा प्रवास' मिळालं आणि वाचून झालं. भाषा जुनी आहे, पण अडलं नाही. झाशीच्या राणीवर लहानपणापासून धडे, कविता, भाषणं ऐकलीत. त्या सगळ्यांत ती घोड्यावर असते. इथे काल्पीच्या वाटेवर ती विहिरीपाशी येते, धुळीने माखलेली, पुरुषी वेषात, तहानलेली. गोडसे भटजी तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात, तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका, मी काढते. आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने पिते. मला त्या पानावर पहिल्यांदा ती माणूस वाटली. आणि ते पान लिहिणारा भटजी राजा नाही, सरदार नाही, त्याला तर फक्त जिवंत घरी जायचंय.

'बया दार उघड' अर्धी झाली. मोठ्याने वाचायची युक्ती लागू पडते, पण घरचे वैतागलेत.

'किडनॅप्ड' आवडली. काका भयंकर आहे. अ‍ॅलन ब्रेक त्याहून आवडला, कारण तो शूर आहे आणि रुसतोही.

'नंबर द स्टार्स' एका संध्याकाळी. रुमाल कळला.

बोरूबहाद्दर काका, मी आता वहीत एका बाजूला 'कागदात आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'लेखकाने घातलं' असं लिहिते. 'स्वामी'साठी करायला घेतलं तर दुसरी बाजूच भरली, कारण खोलीतलं बोलणं कोण लिहून ठेवणार? पण मला ती बाजूच जास्त आवडते. सॉरी.

बोरूबहाद्दर
सॉरी कशाला. दोन बाजू केल्यास तिथेच जिंकलीस. आता शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' घे. अवघड जाईल, पण कादंबरी आधी वाचली असशील तर नावं ओळखीची वाटतील.

रातराणी
अहो, नववीतल्या मुलीला शेजवलकर?

पुस्तककिडा
रातराणी काकू, तुम्ही असं म्हणालात म्हणजे मी तो याच आठवड्यात आणणार.

आता शेवटचा प्रश्न. सुट्टी मोठी आहे. ले मिझराब्ल की वॉर अँड पीस? दोन्ही पूर्ण, संक्षिप्त नको. कुठली आधी?

अर्धविराम
मिझराब्ल आधी. प्रकरणं ३६५ आहेत, पण फार छोटी. वॉटर्लूची लढाई लांबवर पसरलीय, ती सोडू नको, तिच्या शेवटी प्रेतांच्या खिशांत हात घालणारा एक माणूस येतो आणि तो पुढे लागतो. पॅरिसच्या गटारांचा इतिहास मात्र चाळलास तरी चालेल.

जिज्ञासा_मूर्ती
वॉर अँड पीस घे. नताशा सुरुवातीला १३ वर्षांची आहे, धावत दिवाणखान्यात येते आणि बाहुलीवरून हसत सुटते. तुला ओळखीची वाटेल. नावांचा तक्ता करून ठेव, प्रत्येकाला तीनतीन नावं आहेत. आणि दुसरा उपसंहार सोडून दे. गोष्ट पहिल्यातच संपते, नंतर नुसतं तत्त्वज्ञान.

निवृत्त मास्तर
अजिबात सोडू नकोस! त्या दुसऱ्या उपसंहारात टॉलस्टॉय तुझाच प्रश्न घेऊन बसलाय. नेपोलियनने हुकूम दिला म्हणून लाखो माणसं रशियात चालत गेली का? की ती लाखो माणसं आपापल्या कारणांनी चालली होती आणि नेपोलियनला वाटलं की मीच चालवतोय? राजे इतिहास घडवतात हे त्याला मान्यच नाही. रटाळ आहे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, पण तू इथे विचारलंस ते त्याने दीड शतकापूर्वी विचारलं.

जिज्ञासा_मूर्ती
मास्तर, तुम्ही स्वतः तो पूर्ण वाचलाय?

निवृत्त मास्तर
निवृत्त झाल्यावर.